मेमरी कार्डवरून फोटो कॉपी व्हायला तास लागतो? आधी वेगाचा आकडा वाचा

नवीन, वेगवान कार्ड घेतलं तरी फोटो कॉपी व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, ही तक्रार भरपूर फोटो काढणारा प्रत्येक जण कधी ना कधी करतोच. मग कुणी सांगतं, रीडर, म्हणजे कार्ड संगणकाला जोडायचं उपकरण, बदल. रीडर बदलला तरी तेच. मग लॅपटॉप जुना झाला असेल, असं वाटायला लागतं. प्रत्येक वेळी पैसे जातात आणि कॉपीची हिरवी पट्टी मात्र त्याच गतीने सरकत राहते.

असं होण्याचं कारण साधं आहे. कार्डवरचा फोटो डिस्कवर पोचेपर्यंत कार्ड, रीडर, केबल, पोर्ट आणि डिस्क या पाचही गोष्टींतून जातो, आणि हे सगळं ज्याच्या हाताखाली चालतं ते सॉफ्टवेअर वेगळंच. या साखळीत जे सगळ्यात मंद असेल, त्याचाच वेग सगळ्यांना मिळतो. बाकीच्यांपैकी कितीही चांगलं काही आणलं तरी एका सेकंदाचाही फरक पडत नाही. त्यामुळे खरा प्रश्न "काय विकत घेऊ" हा नसून "अडतंय कुठे" हा आहे. याचं उत्तर बहुतेक वेळा कॉपी चालू असताना समोर दिसणाऱ्या आकड्यातच असतं, कारण प्रत्येक अडथळा आपापल्या ठरावीक वेगावर अडवतो. आकडा नीट वाचला की दोष कुणाचा हे खर्च करायच्या आधीच कळतं.

आकडा नीट कसा मोजायचा

शेकडो लहान फोटो कॉपी करताना दिसणारा आकडा सतत वरखाली होतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. कार्डवर एखादी मोठी व्हिडिओ फाइल असेल, निदान तीन-चार जीबीची, तर ती एकटीच कॉपी करा. विंडोजमध्ये कॉपीच्या विंडोत "अधिक तपशील" उघडलं की आलेख आणि सेकंदाला किती एमबी जातंय ते दिसतं. मॅकवर फाइंडर वेग दाखवत नाही. तिथे अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबमध्ये दर सेकंदाला किती डेटा वाचला जातोय ते बघायचं.

मोजताना दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली म्हणजे सुरुवातीचे काही सेकंद. संगणक आलेला डेटा आधी रॅममध्ये ठेवतो आणि मागून डिस्कवर लिहितो, त्यामुळे सुरुवातीचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसू शकतो. आलेख सपाट झाल्यावर जो आकडा राहतो तोच खरा. दुसरी फसगत होते तीच फाइल पुन्हा कॉपी करून बघताना. पहिल्यांदा वाचलेली फाइल रॅममध्ये शिल्लक असते, म्हणून दुसऱ्यांदा कार्ड भन्नाट पळतंय असं वाटतं. दर वेळी कार्ड सुरक्षितपणे बाहेर काढून पुन्हा घाला, मगच मोजा.

वेग मोजणारं एखादं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर एक खबरदारी घ्या. ही सॉफ्टवेअर्स चाचणीसाठी कार्डवर स्वतःची फाइल लिहितात. ज्या कार्डवरच्या फोटोंची दुसरी प्रत अजून झालेली नाही, त्यावर काहीही लिहू देऊ नका. आधी फोटो उतरवून घ्या, चाचणी नंतर.

आता हे आकडे काय सांगतात ते बघू. पुढचे वेगाचे सगळे आकडे सेकंदाला किती एमबी याचे आहेत.

३० ते ४० वर अडकलंय: यूएसबी २

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकलेले असतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० मेगाबाइट. त्यातला बराच भाग उपकरणांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत जातो आणि हाती ३० ते ४० एमबी उरतात. तुमचा आलेख ३५-३८ च्या आसपास सरळ रेषेत चालला असेल तर कार्ड कितीही महागडं असो, साखळीत कुठेतरी यूएसबी २ बसलेलं आहे हे जवळजवळ नक्की समजा.

याचा अर्थ वेळेच्या हिशेबात बघा. कार्डवर ४८ जीबी फोटो आहेत. सेकंदाला ३८ एमबीने ते उतरायला सुमारे २१ मिनिटं लागतात. ९० ने गेले तर नऊ मिनिटं. २५० ने गेले तर सव्वातीन मिनिटं. कार्ड तेच, फोटो तेच.

हे यूएसबी २ पुढच्यापैकी कुठेही लपलेलं असू शकतं.

सगळ्यात आधी पोर्ट. यूएसबी ३ च्या चौकोनी पोर्टमधली प्लास्टिकची जीभ बहुधा निळी असते, पण सगळ्या कंपन्या रंग पाळत नाहीत. पोर्टशेजारी "एसएस" ही खूण असेल तर जास्त भरवसा ठेवता येतो. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या एका जोडवायरीवर अवलंबून असतात, म्हणून शंका आली तर रीडर मागच्या पोर्टला लावून बघा.

मग केबल. यूएसबी-सी म्हटलं की वेगवान, हा समज फार खोलवर रुजलाय आणि तो चुकीचा आहे. सी हा फक्त प्लगचा आकार. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक सी केबल्समध्ये डेटासाठी यूएसबी २ च्याच तारा असतात. चार्जिंग जोरात होतं, डेटा मात्र ३८ वर. केबल जाड आहे म्हणून ती वेगवान असेल असंही नाही. रीडरसोबत आलेली केबल लावून बघणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

रीडर स्वतःही असा असू शकतो. बाहेरून नवा, टोकाला सी प्लग, आणि आत यूएसबी २ ची चिप. खोक्यावर "यूएसबी ३" किंवा "५ जीबीपीएस" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो २ चाच समजावा. लॅपटॉपमध्ये बसवून येणाऱ्या रीडरचंही तेच. काही लॅपटॉपमध्ये तो थेट वेगवान मार्गावर जोडलेला असतो, पण अनेकांत आतल्या आत यूएसबी २ वर टांगलेला असतो आणि तिथे तुम्ही काहीही करू शकत नाही. असा लॅपटॉप असेल तर बाहेरचा रीडर घेणं हाच मार्ग.

हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) आणि मॉनिटरचे पोर्ट ही आणखी एक जागा, आणि इथे भले भले चकतात. लॅपटॉप एकाच सी केबलने मोठ्या मॉनिटरला जोडलाय आणि रीडर मॉनिटरच्या मागच्या पोर्टला लावलाय, अशी मांडणी खूप जणांची असते. ४के चित्र ६० हर्ट्झवर पाठवताना काही मॉनिटर आणि हब सी केबलमधले चारही वेगवान मार्ग चित्रासाठी घेतात. डेटासाठी मग उरतो तो यूएसबी २ चा जोड. काही मॉनिटरच्या मेनूमध्ये चित्राला प्राधान्य द्यायचं की यूएसबीच्या वेगाला, असा पर्याय असतो. तो बदलून बघा. नाहीतर रीडर सरळ लॅपटॉपलाच लावा.

आणि एक गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते पण खरी आहे. यूएसबी ३ चा चौकोनी प्लग फार हळू, चाचपडत घातला तर कधी कधी तो यूएसबी २ म्हणूनच ओळखला जातो. प्लगमध्ये पुढच्या बाजूला जुने चार संपर्क असतात आणि यूएसबी ३ चे पाच त्यांच्या मागे. हळू घालताना जुने चार आधी टेकतात, संगणक त्यांच्यावरच बोलणी उरकून मोकळा होतो. प्लग काढा आणि एका दमात, शेवटपर्यंत घाला. आज वेगवान, उद्या मंद, परवा पुन्हा वेगवान असा लहरी अनुभव येत असेल तर हे कारण आधी तपासा.

अंदाज करत बसण्यापेक्षा संगणकालाच विचारता येतं. मॅकवर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली रीडर निवडला की त्याचा वेग दिसतो: ४८० मेगाबिट की ५ गिगाबिट. विंडोजवर "हे उपकरण आणखी वेगाने चालू शकतं" अशी सूचना कधी कधी कोपऱ्यात येते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. नेमकं बघायचं तर यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर कोणतं उपकरण कुठल्या वेगाने जोडलंय ते दाखवतं. आकडा ४८० दिसला की केबल, पोर्ट, रीडर यांतली एकेकच गोष्ट बदला आणि पुन्हा बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

२० च्या आसपास: जुना रीडर

वेग २० ते २३ च्या पुढे जातच नसेल तर रीडर फार जुना असण्याची शक्यता जास्त. एसडी कार्डांच्या आधीच्या पिढीची "हाय स्पीड" पद्धत सेकंदाला २५ एमबीपर्यंतच जाते, आणि जुना रीडर नव्या कार्डाशीही त्याच जुन्या पद्धतीने बोलतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रीडर बदला.

८५ ते ९५: इथे बहुधा काहीच बिघडलेलं नाही

कार्डावर "१७०" किंवा "२००" छापलंय आणि कॉपी ९० नेच होतेय, म्हणून कार्ड नकली निघालं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. कार्डावर कंपनीच्या नावाजवळ रोमन आकड्यात एक किंवा दोन अशी खूण असते. एक असेल तर कार्ड यूएचएस-१ प्रकारचं, आणि त्या पद्धतीची अधिकृत कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. प्रत्यक्षात ८५ ते ९५ मिळतात. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे कंपनीच्या हिशेबातले ९५ तिथे ९० म्हणून दिसतात.

मग १७० कुठून आलं? काही कंपन्यांनी यूएचएस-१ च्या मर्यादेपलीकडे जाणारी स्वतःची पद्धत काढली आहे. ती चालण्यासाठी त्या पद्धतीला साथ देणारा रीडर लागतो, बहुधा त्याच कंपनीचा. इतर कुठल्याही रीडरमध्ये कार्ड मुकाट्याने नेहमीच्या वेगावर येतं. इथे एक चूक वारंवार होताना दिसते: १७० मिळवायचे म्हणून लोक महागडा यूएचएस-२ रीडर आणतात. त्याने काहीच होत नाही, कारण यूएचएस-२ चा वेग कार्डाच्या पाठीवरच्या संपर्कांच्या दुसऱ्या ओळीतून येतो आणि यूएचएस-१ कार्डाला ती ओळच नसते. कार्ड उलटं करून बघा. सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ दिसली तर यूएचएस-२ रीडरचा उपयोग नाही. दोन ओळी दिसल्या तर मात्र तो रीडर हवाच, नाहीतर ३१२ पर्यंत जाऊ शकणाऱ्या पद्धतीचं कार्ड तुम्ही ९० ने चालवत राहाल.

कार्डावरच्या बाकीच्या खुणांचा गोंधळही इथेच मिटवू. क्लास १०, यू३, व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे सगळे आकडे लिहिण्याच्या किमान वेगाचे आहेत. कॅमेरा व्हिडिओ चित्रित करताना कार्ड सेकंदाला निदान १०, ३०, ६० किंवा ९० एमबी लिहून घेईल, एवढीच हमी त्यात असते. संगणकावर कॉपी करताना कार्ड वाचलं जातं, त्याचा या खुणांशी थेट संबंध नाही. व्ही३० कार्ड ९० ने वाचलं जाणं अगदी नेहमीचं आहे. उलट कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचनाचा आणि तोही "इतक्यापर्यंत" असा असतो.

मायक्रोएसडी वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मोठ्या आकाराचा जो अ‍ॅडॅप्टर मिळतो, त्यात चिप नसते, नुसत्या तारा असतात. तो सैल झाला की कार्ड मध्येच दिसेनासं होतं किंवा वेग घसरतो. रीडरला मायक्रोएसडीची स्वतंत्र खाच असेल तर कार्ड थेट तिथेच घाला.

यूएचएस-२ कार्ड योग्य रीडरमध्ये असूनही ९० वर आलं असेल तर दुसरी ओळ नीट टेकत नाहीये असं समजा. संपर्कांवर बोटांचं तेल आणि धूळ बसते. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. खोडरबराने घासू नका, सोन्याचा पातळ थर निघतो.

सीएफएक्स्प्रेस या एसडीहून वेगळ्या प्रकारचं कार्ड वापरणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळ्या पातळीवरचा आहे. ती कार्डं सेकंदाला हजार एमबीच्याही पुढे जाऊ शकतात, त्यामुळे ५ गिगाबिटचा पोर्टही त्यांना अपुरा पडतो. शिवाय ती तापतात आणि तापली की स्वतःहून वेग कमी करतात. रीडर कपड्यावर किंवा गादीवर न ठेवता मोकळ्या हवेत, कठीण पृष्ठभागावर ठेवा.

सुरुवातीला जोरात, मग अचानक घसरण

पहिली दहा-वीस जीबी २५० ने गेली आणि मग आलेख कड्यावरून पडल्यासारखा ६० वर आला, तर कार्डाकडे बघूच नका. ज्या डिस्कवर तुम्ही लिहिताय ती दमली आहे.

स्वस्त एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमध्ये, थोडी जागा वेगवान पद्धतीने वापरली जाते. येणारा डेटा आधी तिथे उतरतो आणि नंतर सावकाश आत हलवला जातो. एकदम खूप डेटा आला की ही जागा भरते आणि मग डिस्कचा मूळ, मंद वेग उघडा पडतो. डिस्क जितकी भरलेली, तितकी ही वेगवान जागा लहान. म्हणून नव्वद टक्के भरलेल्या एसएसडीवर कॉपी रडत-खडत होते आणि तीच डिस्क थोडी रिकामी केली की सुधारते. फिरत्या हार्ड डिस्कचंही असंच, फक्त कारण वेगळं. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आतल्या बाजूला तो जवळपास निम्म्यावर येतो. डिस्क साधारण बाहेरून आत भरत जाते.

कार्ड रीडर आणि बाहेरची डिस्क एकाच हबला लावली असेल तर तीही अडचण. दोन्ही एकाच वाटेने ये-जा करतात. यूएसबी २ च्या हबवर हा त्रास सर्वाधिक, कारण तिथे एका वेळी एकाच दिशेने डेटा जातो. दोघांना संगणकाचे वेगवेगळे पोर्ट द्या. त्याहून चांगलं म्हणजे फोटो आधी संगणकाच्या आतल्या डिस्कवर घ्या, कार्ड मोकळं करा आणि बाहेरच्या डिस्कवरची प्रत मागून निवांत होऊ द्या. नेटवर्कवरच्या डिस्कवर थेट उतरवणाऱ्यांनीही हेच करावं. गिगाबिट केबलवर कमाल ११० च्या आसपास मिळतात आणि वायफायवर बहुधा त्याहून बरेच कमी.

इथे एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. चित्रांचं किंवा डेस्कटॉपचं फोल्डर क्लाउडशी जोडलेलं असेल तर फोटो पडताच ते वरती चढवायला सुरुवात होते. एकाच डिस्कवर लिहिणं आणि वाचणं एकाच वेळी सुरू होतं, त्यात प्रोसेसरही अडकतो. क्लाउडच्या बाहेर एक साधं फोल्डर करा आणि कार्ड नेहमी तिथेच उतरवा. निवड झाल्यावर हवे तेवढे फोटो क्लाउडच्या फोल्डरमध्ये हलवता येतात.

वेग ठीक, पण इम्पोर्टला तासभर

फाइल मॅनेजरमधून कॉपी नऊ मिनिटांत होते आणि तेच कार्ड फोटोंच्या सॉफ्टवेअरमधून इम्पोर्ट करायला चाळीस मिनिटं लागतात, असं असेल तर यंत्रसामग्री निर्दोष आहे. इम्पोर्टच्या विंडोत बघा. मोठे प्रिव्ह्यू तयार करणं, रॉ फाइलचं (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलचं) डीएनजी या दुसऱ्या प्रकारात रूपांतर, दुसऱ्या ठिकाणी दुसरी प्रत, आधीच आणलेले फोटो ओळखणं, यांतलं बरंच काही चालू असतं. यातलं प्रत्येक काम उपयोगाचं आहे, पण कार्ड रीडरमध्ये अडकवून ठेवून ते करायची गरज नाही.

माझं मत याबाबतीत ठाम आहे: कार्ड उतरवणं आणि फोटो सॉफ्टवेअरमध्ये घेणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत. आधी साधी कॉपी. मग सॉफ्टवेअरला "आहेत तिथेच ठेवून जोड" असं सांगायचं. प्रिव्ह्यू बनत असताना कार्ड तुमच्या हातात मोकळं असतं, आणि मध्येच सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फोटो डिस्कवर सुखरूप असतात.

विंडोजमध्ये कार्डाचं फोल्डर उघडल्यावर वरच्या पट्टीत हिरवी रेघ रांगत राहते आणि फोटो दिसायलाच वेळ लागतो, तेव्हा एक्सप्लोरर प्रत्येक फाइल उघडून फोटो कधी काढला याची माहिती आणि लहान चित्र गोळा करत असतो. त्याच वेळी कॉपी सुरू केली तर दोन्ही कामं कार्डावर तुटून पडतात. मोठ्या चित्रांऐवजी साधी यादी दिसेल असं करा, किंवा आतलं फोल्डर न उघडता बाहेरूनच अख्खं कॉपी करा. ज्या फोल्डरमध्ये उतरवता त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ टॅबवर जाऊन "चित्रे" ऐवजी "सर्वसाधारण" हा प्रकार निवडलात तर तेही झटकन उघडायला लागेल.

अँटीव्हायरसवर लोक फार लवकर आळ घेतात. तपासणीमुळे थोडा वेळ जातो हे खरं, विशेषतः लहान फाइल्स हजारोंनी असतील तर. पण कार्ड चार संगणकांत फिरतं आणि येताना काय घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून तो कायमचा बंद करू नका. एकदा थोड्या वेळापुरता बंद करून मोजा, फरक नगण्य असेल तर विषय तिथेच संपवा.

हजारो लहान फोटो

तीन-तीन एमबीचे सहा हजार जेपीईजी आणि १८ जीबीची एक व्हिडिओ फाइल, वजन सारखंच. तरी फोटोंना जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलसाठी नाव लिहा, जागा शोधा, तारीख नोंदवा हे सगळं नव्याने करावं लागतं. इथे आलेख करवतीच्या दातांसारखा दिसला तर घाबरायचं कारण नाही. एकाच वेळी अनेक फाइल्स कॉपी करणारी सॉफ्टवेअर्स मिळतात. कार्डावरून वाचताना त्यांचा फायदा थोडाच होतो.

त्यापेक्षा डेटाच कमी करता येतो का बघा. कॅमेरा रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवतोय आणि तुम्ही जेपीईजी कधीच उघडत नाही, तर तो पर्याय बंद करा. कॅमेऱ्यात दर्जा न गमावता रॉ दाबून साठवण्याची सोय असेल तर ती चालू करा. फाइल बरीच लहान होते. वेग वाढवण्यावर जितका विचार होतो, तितका यावर होत नाही.

कॅमेराच केबलने जोडत असाल तर

शक्यतो जोडू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांचा पोर्ट सी आकाराचा असूनही आत यूएसबी २ च असतो. शिवाय कॅमेरा डिस्कसारखा न दिसता एमटीपी किंवा पीटीपी या पद्धतीने बोलतो. त्यात आधी सगळ्या फाइल्सची यादी मागवली जाते, मग एकेक फोटो येतो. मध्ये बॅटरी संपली तर कॉपी अर्धवट. रीडरच नसेल तेव्हाच हा मार्ग, तोही बॅटरी पूर्ण भरून.

वेग मध्येच शून्यावर जातो

आलेख नीट चाललेला असतो, एका ठरावीक फोटोवर शून्यावर येतो, बऱ्याच वेळाने पुन्हा हलतो. दुसऱ्यांदा केलं तरी त्याच फोटोवर. हे वेगाचं दुखणं नाही, कार्ड निकामी व्हायला लागल्याचं लक्षण आहे. तिथली जागा वाचता येत नाही म्हणून कार्ड पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतं. अशा वेळी कार्डावर एकही नवा फोटो काढू नका, दुरुस्तीचा पर्याय विंडोजने पुढे केला तरी लगेच हो म्हणू नका. अडलेला फोटो सोडून बाकीचे सगळे आधी उतरवून घ्या. मग दुसऱ्या रीडरमध्ये बघा, कारण कधी कधी दोष रीडरच्या संपर्कांत निघतो. तिथेही तेच झालं आणि फोटो महत्त्वाचा असेल तर अख्ख्या कार्डाची प्रतिमा (इमेज, म्हणजे कार्डाची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये) काढून तिच्यावर पुढचे प्रयत्न करायचे. फोटो मिळोत न मिळोत, ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका.

याच्याशीच जोडलेली एक सवय: कार्डावरून कट-पेस्ट कधीच करू नका. कटमध्ये एकेक फोटो कॉपी झाला की कार्डावरून पुसला जातो, आणि मध्येच केबल हलली तर कोणता फोटो कुठे आहे याचा मेळ लागत नाही. कॉपी करा, दोन्हीकडची फाइल्सची संख्या आणि एकूण आकार जुळवा, चार-पाच फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. दुसरी प्रत झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

ज्याने काही होत नाही

कार्ड डीफ्रॅगमेंट करणं, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं. फ्लॅश मेमरीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे फायदा शून्य आणि झीज मात्र फुकटची. विंडोजमधला "अधिक चांगली कार्यक्षमता" हा पर्याय: तो कार्डावर लिहिण्याशी संबंधित आहे, वाचण्याशी नाही, आणि तो चालू असताना कार्ड तसंच ओढून काढलं तर नुकसान होऊ शकतं. वेग वाढवून देतो म्हणणारी सफाईची सॉफ्टवेअर्सही तशीच. ३८ वर अडकलेला आकडा यातल्या कशानेही ३९ होत नाही.

रीडर घ्यायचाच असेल

आकडा वाचून दोष रीडरचाच आहे अशी खात्री झाली, तर खोक्यावर दोनच गोष्टी बघा: निदान ५ गिगाबिटचा यूएसबी जोड, आणि तुमच्या कार्डावर जी रोमन खूण आहे तिला स्पष्ट साथ. कार्ड यूएचएस-१ असेल तर साधा यूएसबी ३ रीडर पुरतो. दोन कार्डं एकाच वेळी उतरवायची असतील तर रीडर दोन्ही खाचा एकदम चालवतो का तेही वाचून घ्या, काहींमध्ये एका वेळी एकच चालते.

रीडर लावल्यावर बिनतारी माउस अडखळायला लागला तर रीडर बिघडलेला नसतो. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते आणि माउसचा लहानसा रिसीव्हर शेजारच्याच पोर्टमध्ये असतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. आणि रीडरसोबत आलेल्या केबलवर खूण करून ती वेगळी ठेवा, कारण चार्जरच्या केबल्समध्ये एकदा मिसळली की ती बाहेरून ओळखता येत नाही.